बटेरची अंडी उबवताना

अंड्यातून पिलू बाहेर येते, हे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण अंड्याला त्यासाठी नेमके काय लागते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'ऊब' या एका शब्दावर थांबते. ऊब म्हणजे किती अंश? ती कमी पडली तर काय होते, जास्त झाली तर काय होते? ऊब सोडून आणखी काही लागते का? या प्रश्नांची उत्तरे शाळेतच, तीन आठवड्यांच्या आत शोधायची असतील तर त्यासाठी जपानी बटेर हा फार सोयीचा पक्षी आहे. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बटेरच्या अंड्याला १७ ते १८. अंडी लहान असल्यामुळे छोट्याशा पेटीत वीस-पंचवीस सहज मावतात. आणि पिलू मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागते ते अवघ्या सहा-सात आठवड्यांत. म्हणजे अंड्यापासून अंड्यापर्यंतचे पूर्ण चक्र एका सत्रात डोळ्यांसमोर घडते.

मात्र हा प्रयोग काचनळीतला नाही. यात चूक झाली तर जीव जातो, आणि तो मुलांच्या देखत जातो. म्हणून 'कसे करावे' याबरोबरच 'असेच का करावे' हेही समजून घेऊ.

हा पक्षी कोणता?

आपल्या माळरानावर, गवतातून भुर्रकन उडणारे लावे आपल्याला माहीत असतात. जपानी बटेर हा त्यांच्याच कुळातला, पण पाळीव झालेला पक्षी. जपानमध्ये तो आधी आवाजासाठी पाळत; विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो अंडी आणि मांसासाठी पाळला जाऊ लागला. भारतात तो १९७४ मध्ये उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला. जंगली लाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची अंडी रानातून उचलून आणणे हा गुन्हा आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. आपल्याला हवीत ती पाळीव जपानी बटेरची, उबवणी केंद्रातून किंवा पालन करणाऱ्याकडून घेतलेली अंडी.

शास्त्रज्ञांचाही हा आवडता पक्षी आहे. बटेरच्या पेशींचे केंद्रक रंगवल्यावर कोंबडीच्या केंद्रकापेक्षा वेगळे दिसते. १९६९ मध्ये फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी याचा उपयोग करून घेतला. बटेरच्या गर्भातील थोड्या पेशी त्यांनी कोंबडीच्या गर्भात बसवल्या आणि त्या पुढे कोठे जातात व त्यांचे काय बनते याचा माग काढला. चेतासंस्थेतील आणि त्वचेच्या रंगद्रव्याच्या काही पेशी गर्भात किती लांबचा प्रवास करून आपल्या जागी पोचतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

आधी शेवटचा विचार

अंड्याच्या आत पिलाची जवळजवळ सगळी सोय असते: अन्न, पाणी, कवच. बाहेरून फार थोड्या गोष्टी पुरवाव्या लागतात. पिलू बाहेर आल्यावर मात्र परिस्थिती एकदम उलटते. आता सगळेच आपल्याला पुरवायचे असते. नवख्या माणसाचे सारे लक्ष उबवण्याच्या पेटीवर असते, आणि पिले दगावतात ती बहुधा त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत. म्हणून तयारी उलट क्रमाने करावी. आधी मोठ्या पक्ष्यांची जागा ठरवावी, मग पिलांची पेटी तयार करावी आणि सर्वांत शेवटी अंडी आणावीत.

पिलांमध्ये साधारण निम्मे नर निघणार. एका पिंजऱ्यात तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो. जास्त नर झाले की मारामाऱ्या होतात आणि माद्या जखमी होतात. पक्षी दोन-तीन वर्षे जगतो. त्याला किमान एक चौरस फूट जागा द्यायची असे धरले तर दहा पक्ष्यांना दहा चौरस फूट लागतील. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दाणापाणी कोण पाहणार? शाळेत सोय नसेल तर पक्षी कोण नेणार, आणि कशासाठी नेणार? ही उत्तरे मिळाल्याखेरीज अंडी ठेवू नयेत. 'शेवटी सोडून देऊ' हा पर्याय नाही. पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेला हा पक्षी बाहेर टिकत नाही; आणि टिकलाच तर जंगली लाव्यांशी त्याचा संकर होऊ शकतो.

पेटीने करायच्या चार गोष्टी

गावठी कोंबडी खुडूक होते आणि अंड्यांवर बसते. पिंजऱ्यातली बटेर मादी मात्र सहसा बसत नाही. पाळीव होता होता तिची ती वृत्ती जवळपास लोपली आहे. खुडूक कोंबडीखाली ही अंडी ठेवावीत, तर पातळ कवच तिच्या वजनाने फुटण्याची भीती. म्हणून पेटी हवी. पक्षीण जी चार कामे करते, तीच पेटीने करायची असतात.

पहिले काम उबेचे. आतली हवा छोट्या पंख्याने खेळती ठेवली असेल तर तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस हवे. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते. तेव्हा अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ३८.५ अंशांच्या आसपास ठेवावे. येथे एक अंशाचाही फरक मोठा असतो. थंडीपेक्षा उष्णता अधिक घातक ठरते. तास-दोन तास वीज गेली तर वाढ मंदावते आणि पिलू उशिरा बाहेर येते, पण पुष्कळदा जगते. तापमान चाळिशीच्या वर चढून काही तास राहिले तर गर्भ मरतो. म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये आणि एप्रिल-मे टाळावा. वीज गेली तर पेटी न उघडता तिच्यावर गोधडी टाकावी. हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत.

उबेसाठी तारेचा जुना पिवळा दिवा चालतो. एलईडी दिवा चालत नाही, कारण तो फारच थोडी वीज घेतो आणि त्यामुळे उष्णताही फार थोडी देतो. त्याचा जो गुण तोच येथे दोष ठरतो. साठ वॉटच्या एका दिव्याऐवजी पंचवीस वॉटचे दोन बसवावेत, म्हणजे एक उडाला तरी दुसरा राहतो. थर्माकोलची पेटी असेल तर दिवा तिच्या भिंतींपासून चांगला दूर, जाळीच्या आत पक्का बांधावा. थर्माकोल वितळतो आणि पेटही घेतो. दिवा चालू-बंद करण्यासाठी थर्मोस्टॅट लागतोच. त्याचे आकडे बरोबर आहेत का, हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. पेलाभर कोमट पाण्यात थर्मोस्टॅटचा संवेदक आणि ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरावा. ताप मोजण्याचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. दोघांत फरक दिसला तर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी. अंडी ठेवण्यापूर्वी पेटी दोन दिवस रिकामीच चालवून पाहावी.

दुसरे काम ओलाव्याचे. कवच सलग दिसले तरी त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. कोंबडीच्या अंड्यावर ती हजारोंच्या संख्येत असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते आणि अंड्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी वाढत जाते. ही घट व्हायलाच हवी, कारण याच पोकळीत पिलू पहिला श्वास घेते. पण ती प्रमाणात हवी. पहिले १४ दिवस पेटीतील सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि नंतर ७० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. आर्द्रतामापक नसेल तर दुसऱ्या थर्मामीटरच्या फुग्याभोवती ओली वात गुंडाळावी. कोरडा थर्मामीटर ३७.७ दाखवत असताना ओला २९ ते ३० दाखवत असेल तर आर्द्रता ५५ टक्क्यांच्या जवळपास आहे. ३२ ते ३३ दाखवत असेल तर सुमारे ७०. पाण्याचे भांडे उथळ आणि पसरट घ्यावे. ओलावा पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो, खोलीवर नाही.

तिसरे काम हवेचे. गर्भ त्याच छिद्रांतून प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेवटच्या दिवसांत ही गरज खूप वाढते. उबेच्या लोभाने पेटीची भोके बुजवू नयेत.

चौथे काम अंडी फिरवण्याचे. पक्षीण बसल्या बसल्या अंडी चोचीने हलवत असते. अंडे एकाच कुशीवर राहिले तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू शकतो. शिवाय श्वसन करणारी रक्तवाहिन्यांची जाळी नीट पसरत नाही आणि पांढऱ्या बलकाचा पूर्ण उपयोग होत नाही. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा बाजू बदलावी. आकडा विषम का? रात्रीचा काळ सर्वांत लांब असतो. विषम वेळा फिरवले की एका रात्री फुली वर येते आणि दुसऱ्या रात्री गोल.

अंडी आणि वार

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुऊ नयेत. धुताना छिद्रांवरचे संरक्षक आवरण निघून जाते. दुकानातल्या पाकिटातील अंडी बहुधा नर नसलेल्या पिंजऱ्यांतली असतात. ती फलित नसतील तर कितीही उबवली तरी व्यर्थ. आणलेली अंडी बोथट टोक वर करून थंड जागी काही तास स्थिर ठेवावीत आणि मग पेटीत घालावीत.

अंडी शनिवारी दुपारी ठेवावीत. मग चौदावा दिवस शनिवारीच येतो. त्या दिवशी फिरवणे थांबवायचे आणि ओलावा वाढवायचा. सतरावा दिवस येतो मंगळवारी, म्हणजे पिले शाळा भरलेली असताना बाहेर येतील. मधल्या दोन रविवारी अंडी कोण फिरवणार, याची नावे आधीच फळ्यावर लिहावीत.

बटेरच्या कवचावर गडद ठिपके असतात. त्यामुळे अंड्यातून प्रकाश सोडून आतले पाहणे कोंबडीच्या अंड्याइतके सोपे नाही. तरी आठव्या-नवव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बारीक झोताच्या प्रखर टॉर्चवर अंडे धरले तर फिकट ठिपक्यांच्या अंड्यांत लाल रक्तवाहिन्या दिसतात. रोज एक अंडे फोडून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी होती. तिची गरज नाही.

सतरावा दिवस

बाहेर येण्याआधी पिलू आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालते आणि त्याची फुप्फुसे काम करू लागतात. मग चोचीच्या टोकावरच्या टणक कणाने, म्हणजे अंडदंताने, ते कवचाला पहिला तडा देते. त्यानंतर आतल्या आत गोल फिरत ते बोथट टोकाची टोपी कापून काढते आणि पायांनी ढकलून बाहेर येते.

या सुमारास पेटीला कान लावला तर बारीक टकटक ऐकू येते. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की एकमेकांना टेकलेल्या अंड्यांतील बटेरची पिले अशा आवाजांनी परस्परांना सूचना देतात. मागे पडलेली पिले घाई करतात आणि सारी जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. रानात याचा उपयोग उघड आहे. जमिनीवरचे घरटे लगेच सोडायचे असते. मागे राहील ते संपेल. म्हणून शेवटचे तीन दिवस अंडी एकमेकांना टेकवून ठेवावीत.

या वेळी सर्वांत कठीण काम असते ते काहीही न करण्याचे. पेटी उघडली की ओली हवा निघून जाते, तडा गेलेल्या अंड्याचा पापुद्रा वाळून कागदासारखा ताठ होतो आणि पिलू आतच अडकते. कवच सोलून 'मदत' करू नये. आतल्या रक्तवाहिन्यांत अजून रक्त वाहत असू शकते आणि पिवळ्या बलकाची पिशवी पोटात पूर्ण ओढली गेलेली नसते. या उरलेल्या बलकावर पिलू एखादा दिवस सहज काढते, म्हणून दाणापाण्याचीही घाई नसते. पिसे वाळून फुलली की मगच त्यांना पेटीतून काढावे.

पहिल्या प्रयत्नात निम्म्या अंड्यांतून पिले आली तरी निराश होऊ नये. न फुटलेली अंडी अठराव्या दिवसानंतर आणखी दोन दिवस ठेवून मग शिक्षकांनी फोडून पाहावीत. आत नुसता बलक असेल तर अंडे बहुधा फलित नव्हते. रक्ताचे कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला. साठवण किंवा तापमान तपासावे. पूर्ण वाढलेले पिलू आत मेले असेल तर ओलावा, हवा किंवा फिरवण्यात उणीव राहिली असावी.

पहिले तीन दिवस

बटेरचे पिलू सुमारे ८ ग्रॅमचे असते, कोंबडीचे ४० ग्रॅमचे. वजन पाच पट कमी, पण पृष्ठभाग मात्र सुमारे तीन पटच कमी. म्हणून दर ग्रॅममागे बटेरच्या पिलाची उष्णता निसटण्याची जागा जवळपास पावणेदोन पट असते. त्यात अंगावर नुसती लव, आणि स्वतःचे तापमान राखण्याची यंत्रणा अपुरी. ते जन्मतःच पळते आणि टिपते, पण ऊब बाहेरूनच घेते. म्हणून पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ ते ३६ अंश ठेवून पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावेत.

पुठ्ठ्याच्या दोन फुटी खोक्यात वीस पिले आरामात राहतात. दिवा मध्यभागी नको, एका कोपऱ्यात असावा, म्हणजे पिलांना हवी तशी जागा निवडता येते. मग थर्मामीटरपेक्षाही पिलांकडे पाहावे. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक आहे.

खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये. त्यावर पाय घसरतात, दोन बाजूंना फाकतात आणि पिलू कायमचे अधू होते. खरखरीत कापड किंवा पोते अंथरावे. पायाखालच्या जमिनीचे महत्त्व १९९० मध्ये सोव्हिएत 'मीर' अवकाशस्थानकावर फार स्पष्ट दिसले. तेथे बटेरची पिले अंड्यांतून बाहेर आली, पण वजनरहित अवस्थेत त्यांना एका जागी टिकून दाणे टिपता येईनात.

पाणी हा पिलांचा दुसरा शत्रू. इवलेसे पिलू वाटीभर पाण्यात बुडून मरते, किंवा भिजून गारठते. बाटलीच्या उथळ झाकणात पाणी घालून त्यात स्वच्छ गोट्या किंवा खडे ठेवावेत. पहिल्या दिवशी एकेकाची चोच हळूच पाण्याला लावून द्यावी.

खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिलांच्या नेहमीच्या खाद्यात ती याहून कमी असतात. तेव्हा ते बारीक दळून त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा सोयाबीनची पेंड मिसळावी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिलांना देऊ नये. त्यातील जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते.

पुढचे दिवस

दुसऱ्या आठवड्यात पंखांची पिसे येतात आणि पिले उडी मारू लागतात. खोक्यावर जाळी हवीच. जागा ओली राहिली तर आतड्याचे रोग होतात, दाटी झाली तर पिले एकमेकांना टोचतात. तिसऱ्या आठवड्यापासून छातीकडे पाहावे. नराची छाती तांबूस, एकरंगी होते. मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके उमटतात.

पिलांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा नियमच करावा. निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती. हा रोग बटेरलाही होतो. आसपास साथ असेल तर प्रयोग पुढे ढकलावा. पक्षी एकाएकी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

वर्गात काय मोजावे?

दहा अंड्यांचे एकत्र वजन पहिल्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घ्यावे. सुरुवातीला ११० ग्रॅम असेल तर चौदाव्या दिवशी ते ९७ ते ९९ ग्रॅमच्या दरम्यान यायला हवे. घट याहून जास्त असेल तर पेटी कोरडी पडते आहे, कमी असेल तर दमट आहे. कवचाच्या अदृश्य छिद्रांचा असा पुरावा साध्या तराजूवर मिळतो. पिलांचे वजन दर तीन दिवसांनी घेऊन आलेख काढावा. आठवड्यात ते जवळपास तिप्पट होते. पेटीच्या तापमानाची नोंद दिवसातून तीनदा करावी, आणि त्या वहीत मेलेल्या पिलांचीही नोंद तारीख व संभाव्य कारणासह असावी. ती लपवली तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच चूक पुन्हा करावी लागेल.

सुरुवातीला वीसच अंडी ठेवावीत. त्यांतून दहा-बारा पिले आली तर ती सांभाळता येतील एवढी जागा आणि माणसे शाळेत आहेत ना, हे मात्र त्या शनिवारच्या आधी पाहावे.